आतड्यांतील चेतातंतू : औषधांचा आणि संप्रेरकांचा कारभार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वडिलांना कर्करोग झाला होता. वेदना असह्य झाल्या तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याच चिठ्ठीवर खाली पोट साफ होण्याचे एक औषधही लिहिलेले होते. "वडिलांना पोटाची काहीच तक्रार नाही, मग हे कशाला?" असा शहाणपणा आम्ही केला आणि दुकानदाराला वरचेच औषध द्यायला सांगितले. चार पैसे वाचले याचे समाधानही वाटले. वेदना थांबल्या. पण पाचव्या-सहाव्या दिवसापासून वडिलांचे पोट फुगले, उमासे येऊ लागले, पेजसुद्धा जाईना. आठ दिवस शौचास झाले नाही. शेवटी त्यांनीच कंटाळून मॉर्फिन घेणे सोडले आणि वेदना पुन्हा पहिल्यासारख्या सुरू झाल्या.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "दुसरे औषध हा पहिल्याचाच भाग होता. मॉर्फिन जसे मेंदूत काम करते तसेच ते आतड्यातही करते. आतड्यालाही स्वतःचे चेतातंतू आहेत."

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. बँकेत कारकुनी करतो. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध फक्त औषधांच्या बिलापुरता. पण ते वाक्य मनात रुतून बसले. आतड्याला चेतातंतू असतात म्हणजे काय? गोळी तेथे जाऊन नेमके काय करते? ग्रंथालयातून पुस्तके आणली, ओळखीच्या डॉक्टरांना प्रश्न विचारले आणि जे समजले ते आमच्यासारख्याच सामान्य वाचकांसाठी, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी, येथे मांडत आहोत.

पोटातील स्वतंत्र चेतासंस्था

शाळेत आपण शिकतो की मेंदू आणि मज्जारज्जू हे शरीराचे कारभारी. हात हलवायचा तर मेंदूचा हुकूम लागतो. आतड्याचे मात्र तसे नाही. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींची दोन जाळी पसरलेली आहेत. एक जाळे स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये असते. लिओपोल्ड आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८६० च्या दशकात दाखवून दिले. दुसरे जाळे आतल्या अस्तराच्या खाली असते. ते गेऑर्ग माइसनर याने १८५७ साली वर्णन केले. पहिले जाळे मुख्यतः आतड्याची हालचाल सांभाळते आणि दुसरे मुख्यतः पाणी व क्षार किती झिरपू द्यायचे आणि किती शोषून घ्यायचे ते पाहते. या दोन्ही जाळ्यांत मिळून दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. म्हणूनच काही शास्त्रज्ञ आतड्याला 'दुसरा मेंदू' म्हणतात. मायकेल गर्शन या अमेरिकन संशोधकाने १९९८ साली याच नावाचे पुस्तक लिहिले.

हे जाळे खरोखर स्वतंत्रपणे काम करते याचा पुरावा १८९९ साली लंडनच्या विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी दिला. हे दोघे नात्याने मेहुणे. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे सर्व चेतातंतू तोडले आणि आतड्यात एक गोळा ठेवला. तरीही गोळ्याच्या वरचा भाग आकुंचन पावला, खालचा सैल झाला आणि गोळा पुढे सरकला. वरून ढकलायचे आणि खालून वाट मोकळी करायची, हे आतड्याने मेंदूला न विचारता केले. १९१७ साली पॉल ट्रेंडेलेनबुर्ग यांनी तर गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून क्षारयुक्त पाण्यात टांगला. आत थोडा दाब देताच त्यात एकामागून एक लाटा उठू लागल्या. आपण खाल्लेली भाकरी पुढे सरकते ती याच लाटांमुळे. १९२१ साली इंग्लंडच्या जॉन लँगली यांनी या जाळ्याला चेतासंस्थेचा एक वेगळा विभाग मानले.

निरोप कसा पोहोचतो?

चेतातंतूतून जाणारा संदेश विजेच्या स्वरूपाचा असतो. पण तंतूचे टोक आणि पुढचा स्नायू यांच्यामध्ये एक बारीक फट असते. ती फट वीज ओलांडत नाही. तंतूच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत एक रसायन साठवलेले असते. संदेश टोकाशी आला की बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, पिशव्या फुटतात आणि रसायन फटीत सांडते. पलीकडच्या स्नायूवर त्या रसायनासाठी ठरावीक जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. कुलपाला किल्ली लागावी तसे रसायन ग्राहीला लागते आणि स्नायू आकुंचन पावतो. काम झाले की एक विकर ते रसायन लगेच मोडून टाकते, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी होते.

चेतातंतूंचे संदेश रसायनाने पोहोचतात हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर सिद्ध केले. त्यांना आणि हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आतड्याचे स्नायू आवळणारे मुख्य रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. त्याच्या मदतीला 'सबस्टन्स पी' हा पदार्थ असतो. स्नायू सैल करणारे तंतू मात्र नायट्रिक ऑक्साइड आणि 'व्हीआयपी' या नावाने ओळखले जाणारे एक प्रथिनासारखे द्रव्य वापरतात.

आमच्या बँकेतला दृष्टान्त द्यायचा तर असा. तिजोरीत रोकड भरपूर आहे. ग्राहक टोकन घेऊन बसले आहेत. पण खातेदाराच्या हातात किती पैसे पडणार हे रोखपालाच्या खिडकीवर ठरते. वरून 'आज हात आखडून द्या' असा निरोप आला की तिजोरी भरलेली असूनही बाहेर रक्कम कमी जाते. चेतातंतूचे टोक म्हणजे ही खिडकी. त्या टोकावरही ग्राही असतात आणि त्यांना लागणारी रसायने 'जास्त सोड' किंवा 'कमी सोड' असे सांगत असतात. औषधे आणि पोटातील संप्रेरके यांचा बराचसा कारभार या खिडकीवरच चालतो. हा एक मुद्दा ध्यानात ठेवला तर पुढचे सर्व सोपे आहे.

गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा

अफूने जुलाब थांबतात हे माणसाला शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. अफूतले मुख्य द्रव्य मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे काढले गेले. परंतु ते आतडे कसे थांबवते हे कळायला १९५७ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये विल्यम पॅटन यांनी एक साधा पण मोठा बुद्धीचा प्रयोग केला.

त्यांनी गिनीपिगच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा एक तुकडा घेतला. एक तार आतड्याच्या पोकळीत ठेवली आणि दुसरी बाहेरच्या द्रवात. विजेचा बारीकसा झटका दिला की तुकडा एकदा आखडे, पुन्हा झटका दिला की पुन्हा आखडे. आता त्यांनी द्रवात अगदी थोडे मॉर्फिन टाकले. झटके तेच राहिले, पण आखडणे कमी झाले.

येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबून विचार करावा. याची दोन कारणे संभवतात. एक, मॉर्फिनने स्नायू बधिर केला असेल. दोन, स्नायू धडधाकट आहे, पण त्याच्यापर्यंत निरोपच पोहोचत नसेल. यांतले खरे कोणते? ते ठरवण्यासाठी बाहेरून ॲसिटिलकोलिन टाकून पाहिले. स्नायू पूर्वीसारखाच जोरात आखडला. म्हणजे स्नायू निर्दोष ठरला. मग द्रवात तंतूंनी सोडलेले ॲसिटिलकोलिन किती आहे ते मोजले आणि ते कमी भरले. निष्कर्ष स्पष्ट होता. मॉर्फिन चेतातंतूंना रसायन सोडू देत नाही. त्याच वर्षी शाउमान यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला.

आज यामागची यंत्रणाही माहीत आहे. चेतापेशीवर आणि तिच्या टोकावर मॉर्फिनसाठी ग्राही असतात. मॉर्फिन त्यांना लागले की पेशीतील पोटॅशियम बाहेर जाऊ लागते आणि पेशी शांत होते. टोकाशी कॅल्शियम आत येण्याचे दरवाजेही अर्धवट मिटतात. कॅल्शियम नाही म्हणजे पिशव्या फुटत नाहीत आणि निरोप जात नाही. याचे दोन परिणाम होतात. आतडे ठिकठिकाणी आवळून राहते, पण पुढे ढकलणाऱ्या लाटा बंद पडतात. दुसरे म्हणजे अस्तराखालच्या जाळ्यालाही हाच हुकूम लागू होतो, म्हणून आतड्यात पाणी कमी झिरपते. मळ एका जागी पडून राहतो आणि दगडासारखा घट्ट होतो. आमच्या वडिलांच्या पोटात आठ दिवस हेच चालले होते.

यात आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मॉर्फिनमुळे येणारी मळमळ आणि गुंगी काही दिवसांनी सहसा कमी होते, कारण शरीर त्याला सरावते. बद्धकोष्ठ मात्र सरावाने जात नाही. औषध चालू आहे तोवर तोही चालूच राहतो. म्हणून जाणकार डॉक्टर मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोटाचे औषध सुरू करतात. ते तक्रार होईपर्यंत थांबत नाहीत.

आपल्या शरीरातील लगाम

अफूच्या झाडातील द्रव्यासाठी आपल्या शरीरात कुलूप असावे हे नवलच म्हणायचे. ज्याअर्थी कुलूप आहे त्याअर्थी शरीराची स्वतःची किल्लीही असली पाहिजे, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला. १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी ती किल्ली शोधली. डुकराच्या मेंदूतून त्यांनी दोन छोटी द्रव्ये वेगळी केली आणि त्यांना एन्केफालिन असे नाव दिले. त्यांची परीक्षा कशावर घेतली? उंदराच्या वीर्यवाहिनीवर आणि त्याच गिनीपिगच्या आतड्यावर! मॉर्फिनसारखेच तेथेही आखडणे कमी झाले. पुढे ही द्रव्ये आतड्याच्या चेतापेशींतही सापडली. म्हणजे आतड्याने स्वतःचा लगाम स्वतःच्याच हाती ठेवला आहे.

दुसरा लगाम बाहेरून येतो. १९६९ साली पॅटन यांनी हंगेरीचे सिल्वेस्टर विझी यांच्याबरोबर दाखवले की नॉरॲड्रिनलिन हे द्रव्यही आतड्याच्या तंतूंतून सुटणारे ॲसिटिलकोलिन कमी करते. भीती वाटली, मारामारीचा प्रसंग आला की शरीर हे द्रव्य सोडते. जीव वाचवायच्या वेळी जेवण पचवायला सवड नसते, म्हणून आतड्याच्या खिडकीवर 'कामकाज बंद' अशी पाटी लागते.

पोटातील संप्रेरके

आता संप्रेरकांकडे वळू. बेलिस आणि स्टार्लिंग यांनीच १९०२ साली सिक्रिटिन हे पहिले संप्रेरक आतड्यात शोधले आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला. म्हणजे संप्रेरकांच्या साऱ्या शास्त्राचा आरंभ आतड्यातून झाला. संप्रेरके रक्तातून प्रवास करतात, पण त्यांतली काही जण चेतातंतूंच्या मार्फत काम करवून घेतात. अशी पाच उदाहरणे येथे देतो.

पहिली दोन गॅस्ट्रिन आणि कोलेसिस्टोकायनिन. गॅस्ट्रिन जठरातून येते. दुसरे लहान आतड्यातून, विशेषतः तेलातुपाचे जेवण झाल्यावर, रक्तात येते आणि पित्ताशय आवळते. त्याचा शोध आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ साली अमेरिकेत लावला. ही संप्रेरके आतडेही आवळतात, पण ती थेट स्नायूवर काम करतात की तंतूंच्या मार्फत? १९७३ साली विझी, इटलीचे बेर्ताचिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गॅस्ट्रिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये आतड्याच्या तंतूंतून ॲसिटिलकोलिन अधिक सोडवतात आणि आतडे आवळण्यात त्या ॲसिटिलकोलिनचा वाटा असतो. मॉर्फिन खिडकी मिटते, ही संप्रेरके ती उघडतात.

तिसरे सिरोटोनिन. ते मेंदूतले रसायन म्हणून प्रसिद्ध असले तरी शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सिरोटोनिन पोटात, आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशींत असते. इटलीचे व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी ते १९३० च्या दशकात आतड्यातच प्रथम पाहिले. अन्नाचा गोळा अस्तराला घासला की या पेशी सिरोटोनिन सोडतात आणि जवळच्या तंतूंना जाग येते. १९५७ साली, म्हणजे पॅटन यांच्याच वर्षी, गॅडम आणि पिकारेल्ली यांनी त्याच गिनीपिगच्या आतड्यावर दाखवले की सिरोटोनिनचे ग्राही दोन प्रकारचे आहेत. एक स्नायूवर, तर दुसरा चेतातंतूवर. दुसऱ्याचे काम मॉर्फिनने थांबते. कारण उघड आहे, तो प्रकार ॲसिटिलकोलिनच्या मार्फत चालतो आणि मॉर्फिन तेच अडवते.

चौथे मोटिलिन. पोट रिकामे असताना दर दीड ते दोन तासांनी जठरापासून आतड्याच्या शेवटापर्यंत एक जोरदार लाट जाते. झाडूने घर झाडावे तशी ती उरलेसुरले पुढे नेते. ही लाट सुरू करण्यात मोटिलिनचा हात असतो. गंमत अशी की एरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक औषध मोटिलिनच्याच ग्राहीला लागते. ते घेतल्यावर अनेकांच्या पोटात मुरडा येतो तो यामुळे. जठर सुस्तावलेल्या रुग्णाला डॉक्टर हेच औषध कधी कधी मुद्दाम थोड्या मात्रेत देतात.

पाचवे जीएलपी-१. जेवणानंतर आतड्यातून सुटणारे हे संप्रेरक इन्शुलिन वाढवते आणि चेतातंतूंच्या मार्फत जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. मधुमेह आणि लठ्ठपणा यांसाठी आज ज्यांचा बोलबाला आहे ती सेमाग्लुटाइडसारखी औषधे याच संप्रेरकाची नक्कल आहेत. भूक मंदावणे, मळमळणे आणि शौचास न होणे या तक्रारींचे मूळ आता वाचकांच्या सहज लक्षात येईल.

औषधाच्या दुकानातून घरात

एवढे समजल्यावर आपल्या घरातील औषधांचा डबा उघडून पाहावा.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी ही मॉर्फिनच्याच कुळातली. ती आतड्यातील त्याच ग्राहींना लागते. पण मेंदूच्या दाराशी असलेले पहारेकरी तिला आत जाऊ देत नाहीत, म्हणून नेहमीच्या मात्रेत तिची नशा येत नाही. मात्र 'नशा नाही म्हणजे निरुपद्रवी' असे समजू नये. फार मोठ्या मात्रेत ती हृदयाचे ठोके बिघडवते. आणि लहान मुलांच्या जुलाबावर अशी आतडे थांबवणारी औषधे देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आतडे थांबले तरी जंतू आणि त्यांचे विष आतच राहते, पोट फुगते आणि तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकते.

येथे जुन्या काळातील एका चालीची आठवण येते. मुंबईच्या गिरण्यांत कामावर जाणाऱ्या अनेक बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवत. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. घरी सांभाळणारे कोणी नाही, कामावर गेले नाही तर चूल पेटत नाही, अशा स्थितीत त्या माउलींनी करायचे काय? पण त्या गोळीने मूल शांत निजे ते मेंदूवरील परिणामाने, आणि त्याच वेळी त्याचे आतडेही निजे. मूल दूध मागेना, शौचास करीना आणि रोडावत जाई. अज्ञान आणि गरिबी एकत्र आल्या की त्याची किंमत सर्वांत लहान जीव देतो.

उलटी-मळमळीवर मिळणारे डॉम्पेरिडोन दुसऱ्या बाजूने काम करते. डोपामिन हे द्रव्य पोटातील ॲसिटिलकोलिनला लगाम घालते. डॉम्पेरिडोन त्या डोपामिनला अडवते, लगाम सुटतो आणि जठर पुढे ढकलू लागते. सिसाप्राइड नावाचे औषध तर सिरोटोनिनच्या एका ग्राहीमार्फत थेट तंतूंतून ॲसिटिलकोलिन वाढवत असे. जळजळीवर ते फार खपले. पण ते हृदयाच्या तालावर घातक ठरले. अमेरिकेत २००० साली ते सर्वसाधारण विक्रीतून काढले गेले आणि भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. डॉम्पेरिडोनबाबतही हृदयरोग्यांनी सावध राहावे लागते. कर्करोगाच्या औषधांनी होणारी उलटी थांबवणारे ऑन्डान्सेट्रॉन सिरोटोनिनचा तंतूवरील ग्राही बंद करते, म्हणून त्यानेही शौचास घट्ट होते.

पोटात कळ आली की घेतो ते डायसायक्लोमिन मुख्यतः वेगळ्या जागी काम करते. खिडकीतून पैसे सुटतात, पण खातेदाराचा हात धरून ठेवलेला असतो, तसा प्रकार. ॲसिटिलकोलिन सुटते, पण ते स्नायूवरील ग्राहीला लागू शकत नाही. धोतऱ्यातील ॲट्रोपिनही असेच. धोतरा खाल्लेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते आणि पोट थंडावते ते यामुळे.

याच्या नेमके उलट घडते ते ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांमुळे. ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकरालाच ती निकामी करतात. रसायन साचत जाते, लाळ, उलट्या, जुलाब आणि घाम सुटतो आणि शेवटी श्वास कोंडतो. त्यावर डॉक्टर ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना कीटकनाशकांची विषबाधा झाली आणि कित्येकांचे प्राण गेले. फवारणीनंतर पोटात मुरडा येऊन जुलाब लागले तर ते 'काहीतरी बाधले' म्हणून घरी बसण्याचे लक्षण नव्हे. तातडीने रुग्णालय गाठावे आणि औषधाचा डबा सोबत न्यावा.

पटकीचा धडा

जुलाब म्हणजे केवळ आतड्याची घाई, असे आपण समजतो. पटकीने शास्त्रज्ञांना वेगळे शिकवले. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी पटकीच्या जंतूंचे विष सशाच्या आतड्यावर सिद्ध केले. पुढे स्वीडनमधील संशोधकांना आढळले की हे विष पेशींवर परिणाम करतेच, शिवाय ते अस्तरातील सिरोटोनिन सोडवून चेतातंतूंनाही चेतवते आणि त्यामुळे आतड्यात पाणी आणखी झिरपते. रेसकॅडोट्रिल नावाचे औषध येथेच उपयोगी पडते. शरीराचे स्वतःचे एन्केफालिन मोडणाऱ्या विकराला ते अडवते, म्हणून पाणी झिरपणे कमी होते आणि आतडे मात्र थांबत नाही.

पण खरा प्राण वाचवणारा उपाय याहून साधा निघाला. विष कितीही असले तरी साखर आणि मीठ एकत्र शोषून घेण्याचा आतड्याचा मार्ग शाबूत राहतो. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी शिरेतून देण्याचे द्रव संपत आल्यावर साखर-मिठाचे पाणी पाजण्यास सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावे. ते कोणत्याही जुलाब थांबवणाऱ्या गोळीपेक्षा मोलाचे आहे.

काय लक्षात ठेवावे?

मॉर्फिन, कोडीन किंवा ट्रामाडॉल यांपैकी काही दीर्घकाळ घ्यायचे असेल तर शौचाचे काय, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारावे. अशा रुग्णाला नुसते इसबगोल देऊन भागत नाही, कारण पाणी कमी पडले तर ते आतड्यात घट्ट बसते. सोनामुखी किंवा बिसाकोडिलसारखी आतड्याला चालना देणारी औषधे डॉक्टर सुचवतात. त्यांनीही भागले नाही तर मिथाइलनॅल्ट्रेक्सोनसारखी नवी औषधे निघाली आहेत. २००८ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आतड्यातील ग्राहींवरून मॉर्फिनला हटवते, पण मेंदूत शिरत नाही, म्हणून वेदनाशमन कायम राहते. आणि सर्वांत मुख्य म्हणजे बद्धकोष्ठ झाला म्हणून वेदनेचे औषध परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे.

आमच्या वडिलांना पुढे दोन्ही औषधे एकत्र सुरू झाली. चार दिवसांत पोट हलके झाले. ते पुन्हा उशीला टेकून बसू लागले, पेज घेऊ लागले, नातवाचा अभ्यास घेऊ लागले. त्यानंतर ते तीन महिने होते. ते दिवस वेदनेशिवाय गेले. मधले जे दिवस त्यांनी कळा सोसल्या ते मात्र आमच्या खात्यावर लिहिले गेले आहेत आणि ते खाते बंद होणारे नाही.

असो. चिठ्ठीवरील औषध कमी करण्यापूर्वी ते कशासाठी आहे हे विचारण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांना विचारायला आपली माणसे संकोचतात, 'आपल्याला काय कळते' म्हणून गप्प बसतात. आम्हीही बसलो होतो. विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे की घरातील वडीलधाऱ्यांची चिठ्ठी तुम्ही वाचा, प्रत्येक नावापुढे 'हे कशासाठी?' असा प्रश्न लिहा आणि उत्तर मिळेपर्यंत दवाखान्याची पायरी उतरू नका.